खेडीकर निर्देशांक

खेडीकर सरांच्या गौरवग्रंथासाठी माझ्याकडे चारशे शब्द मागितले गेले. मागणी व्हॉट्सॲपवर आली आणि सोबत एक नमुनाही आला. सुरुवात 'सर म्हणजे ज्ञानाचा महासागर' अशी करावी, मध्ये एखादा हृद्य प्रसंग घालावा, शेवटी दीर्घायुष्य चिंतावं. मी प्रयत्न केला. महासागर लिहून झाला आणि पुढे हात अडला, कारण माझ्याकडे प्रसंग होते, पण हृद्य नव्हते. तब्येत बरी नाही असं कळवून मी सुटले. ग्रंथ निघाला. चांगला जाड निघाला. मी तो पहिल्या पानापासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत वाचला. त्यात शालिकरावाचं नाव एकदाही नाही. म्हणून हे लिहायला बसले.

मी नागपूरच्या एका खाजगी वैद्यकीय महाविद्यालयात, जीवरसायनशास्त्र विभागात तंत्रज्ञ आहे. लोकांचं रक्त नळीतून यंत्रात आणि यंत्रातून कागदावर नेणं, हे माझं काम. डॉ. खेडीकर तिथे अकरा वर्षं विभागप्रमुख होते.

सर उंचीनं कमी होते आणि ती कसर भरून काढायची व्यवस्था खुर्चीपासून सुरू व्हायची. केबिनमधली त्यांची खुर्ची पूर्ण वर चढवलेली असे आणि समोरच्या दोन खुर्च्या पूर्ण खाली. भेटायला आलेल्या माणसाची हनुवटी टेबलाच्या काठाला लागे आणि तो आपोआप नम्र दिसू लागे. पांढऱ्या कोटाला इतकी खळ असायची की सर कॉरिडॉरमधून येताना आधी कोटाचा आवाज यायचा. मे महिन्यात सारं नागपूर डोक्याला ओला दुपट्टा बांधून फिरतं, तेव्हाही तो कोट कडक. त्याच्या खिशावर निळ्या रेशमानं नाव भरलेलं, नावाखाली पदव्या. पदव्या खिशावर मावेनात म्हणून शेवटची पोटावर आली होती.

टेबलावर एक पितळी घंटी होती. एक टोला म्हणजे शालिकराव, दोन टोले म्हणजे मी, तीन टोले म्हणजे चहा. मी अकरा वर्षं दोन टोले होते.

पाठीमागच्या भिंतीवर सरांचा मोठा फोटो. डोळा सूक्ष्मदर्शकाला लावलेला, कपाळावर विचाराची आठी. आमच्या विभागात सूक्ष्मदर्शकाचं फारसं काम नसतं. तो शेजारच्या विभागातून फोटोपुरता मागून आणला होता, आणि नीट पाहिलं तर त्याची वायर कुठेच न जोडलेली, टेबलावरून खाली लोंबकळताना दिसते. अंधारात सर काय पाहत होते कोण जाणे. फोटोखाली सोनेरी अक्षरांत त्यांचंच वचन होतं: 'रक्त खोटं बोलत नाही.'

एक गोष्ट मात्र मान्य केली पाहिजे. त्यांना एकेकाळी शिकवता येत असे. पहिल्या वर्षाच्या मुलांपुढे ते एक कापलेला बटाटा ठेवायचे आणि त्यावर जखम धुवायचं हायड्रोजन पेरॉक्साइड ओतायचे. बटाटा फसफसून उठायचा, सारा वर्ग टाळ्या वाजवायचा आणि सर म्हणायचे, "यात मी काही केलं नाही. बटाट्यातल्या एन्झाइमनं केलं." मी नवीन होते तेव्हा हे दारातून ऐकायला उभी राहायचे. पुढे पुढे बटाटा राहिला, टाळ्या राहिल्या, हे वाक्य तेवढं गेलं.

निवृत्तीला दोन वर्षं उरली तेव्हा आपल्या नावाचं काहीतरी मागे राहिलं पाहिजे, असं सरांच्या मनानं घेतलं. रस्त्याला नाव देण्यासाठी वारावं लागतं. पुतळ्याचंही तसंच. निर्देशांकाला मात्र ती अट नाही.

आतड्याचा, म्हणजे मोठ्या आतड्याचा आणि गुदाशयाचा कर्करोग ओळखायचा तर खालून दुर्बीण घालून पाहावं लागतं. त्याआधी दिवसभर पोट साफ करण्याचं औषध प्यायचं, मग ते सगळं. लोक टाळतात. सरांचं म्हणणं, हे सारं कशाला? बोटभर रक्त घ्या, त्यातल्या तीन विकरांच्या, म्हणजे एन्झाइमच्या पातळ्या मोजा, त्यांना सरांच्या सूत्रात घाला, आकडा येईल. आकडा रेषेच्या वर गेला तर रोग, खाली राहिला तर घरी जा. या आकड्याचं नाव खेडीकर निर्देशांक. सूत्रात सगळ्यात जास्त वजन एलडीएच या विकराला होतं.

एलडीएच काही अगदीच निरुपयोगी नाही. कर्करोगात ते कधीकधी वाढतं. पण यकृत बिघडलं तरी वाढतं, हृदयविकाराचा झटका आला तरी वाढतं, स्नायूंना मार बसला तरी वाढतं. मोर्चा निघाला आहे एवढं ते सांगतं. कुणाचा, कशासाठी, ते सांगत नाही. आणि पुष्कळदा आत रोग असतानाही रक्तात त्याचा पत्ता नसतो. हे सरांच्याच टिपणांत लिहिलेलं होतं, मुलं त्यावर परीक्षा देत होती.

सरांच्या अभ्यासासाठी दोन तऱ्हेचं रक्त लागत होतं. निरोगी माणसांचं रक्त आम्ही विभागातच घ्यायचो. विद्यार्थी, कारकून, लिफ्टवाले. हात पुढे, सुई, नळी, आणि लगेच ती नळी गरगर फिरवून पेशी खाली बसवायच्या, वरचा द्रव वेगळा करायचा. रोग्यांचं रक्त मात्र नरखेडच्या बाजूच्या एका धर्मादाय रुग्णालयातून यायचं. तिथे नळ्या फिरवायचं यंत्र नव्हतं. रक्त जसंच्या तसं निळ्या पेटीत बसायचं आणि दर सोमवारी सकाळी एसटीनं काटोलमार्गे नागपूरला यायचं. ते आणायचं काम शालिकरावाचं.

शालिकराव आमच्या विभागातला परिचर. पन्नाशी ओलांडलेला, उंच, जरा पुढे वाकलेला. गाव नरखेड तालुक्यात. बायको पुष्पा तिथे संत्र्याची झाडं सांभाळायची आणि हा शनिवारी घरी जाऊन सोमवारी पेटी घेऊन परतायचा. पेटी तो मांडीवरून खाली ठेवत नसे.

"कंडक्टर म्हणे, वर टाका ना भाऊ डब्बा," तो एकदा सांगत होता. "म्या म्हटलं, डब्बा नोका म्हणू जी, आत सात पेशंट हायेत. तवापासून तो मले पाहून दूरच बसून राह्यते."

पण मांडीवर धरली तरी बस ती बस. पहिल्याच सोमवारी मी नळ्या फिरवल्या आणि वर जो द्रव सुक्या गवताच्या रंगाचा दिसायला हवा, तो गुलाबी निघाला. याचा अर्थ आमच्या धंद्यातलं पोरही सांगेल. हादऱ्यांनी आणि उशिरानं रक्तातल्या तांबड्या पेशी फुटल्या. तांबड्या पेशींच्या आत एलडीएच ठासून भरलेलं असतं. पेशी फुटल्या की ते बाहेर सांडतं आणि आकडा वर जातो. मग तो माणूस रोगी असो की पैलवान. असा नमुना टाकून द्यायचा आणि नवा मागवायचा, हा नियम.

मी गुलाबी नळी घेऊन केबिनमध्ये गेले आणि खालच्या खुर्चीत बसले.

"सर, हे वाढलेलं एलडीएच रोगाचं नाही. काटोलच्या रस्त्याचं आहे."

सरांनी नळीकडे पाहिलं नाही. "गजभियेबाई, आपण तंत्रज्ञ आहात. आपण आकडा पाहावा. रंग पाहायला पेंटर असतात."

"एक-दोन निरोगी माणसांचं रक्त तेवढाच वेळ बसमधून फिरवून पाहू या का? त्यांचाही आकडा वर गेला तर कळेल."

"निरोगी रक्ताला एसटीत बसवायचं?" सर हसले. "तिकीट पूर्ण काढायचं की अर्धं?"

हा विनोद त्यांनी त्या आठवड्यात पाच जणांना सांगितला. मी नियम दाखवला तेव्हा म्हणाले, "नियम सामान्य कामासाठी असतात. हे संशोधन आहे." अशा रीतीनं बसनं आलेले सगळे रोगी ठरत गेले आणि विभागात बसलेले सगळे निरोगी. सूत्र शंभर टक्के बरोबर येत होतं. ते कर्करोग ओळखत नव्हतं, एसटी ओळखत होतं.

ही गंमत म्हणून सांगता आली असती. गौरवग्रंथात हृद्य प्रसंग म्हणूनही चालली असती. पण त्या दिवाळीनंतर शालिकराव माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला आणि उगाच नळ्यांचा स्टँड पुसू लागला.

"ताई, एक विचारू काय? कोणाले सांगू नोका."

"बोला ना."

"संडासच्या जागी रक्त जाऊन राहिलं. दीड महिना झाला असंन."

मी त्याला म्हटलं, उद्याच शस्त्रक्रिया विभागात जा, दुर्बिणीची तपासणी सांगतील, ती करा. तो हो म्हणाला. पण दुर्बीण कुठून जाते हे कळल्यावर त्याचा चेहरा बदलला, आणि तेवढ्यात टोला पडला. एक.

तो केबिनमध्ये गेला आणि सरांनाही बोलून बसला. सर आनंदले. दुःख पाहून आनंदणारी माणसं असतात, तसे नव्हे. आपलं यंत्र चालवून दाखवायला गिऱ्हाईक मिळालं म्हणून. त्यांनी मला दोन टोल्यांनी बोलावलं, शालिकरावाचं रक्त तिथल्या तिथे घ्यायला लावलं, मी ते लगेच फिरवलं. द्रव सुक्या गवतासारखा स्वच्छ. आकडा रेषेच्या बराच खाली. खाली येणारच होता. ते रक्त कुठल्या बसमध्ये बसलंच नव्हतं.

सरांनी विभागातल्या सगळ्यांना बोलावलं. "शालिक, तुला मूळव्याध आहे. कर्करोग नाही. इसबगोल घे, तिखट कमी कर. आणि तुम्ही सगळे लक्षात ठेवा, या माणसाला आज दुर्बिणीच्या यातनेतून कुणी वाचवलं."

शालिकरावानं हात जोडले. बाहेर आल्यावर मी म्हटलं, "शालिकराव, त्या आकड्यावर जाऊ नका. तपासणी करून घ्या."

"आता काहून जी?" तो खरोखर आश्चर्यानं म्हणाला. "सरनं निकाल देल्ला ना. दोन साल झाले, पेट्या आणून राहिलो मी. ते सारं खोटं असंन काय?"

याला माझ्याकडे उत्तर होतं, पण ते ऐकायला तो तयार नव्हता. त्या पेटीत त्याचंही काही गुंतलं होतं. गावात तो 'कॅन्सरच्या संशोधनात' होता.

मी पुन्हा केबिनमध्ये गेले. या वेळी खुर्चीत बसले नाही. "सर, त्याला दुर्बीण करायला तुम्ही सांगा. तो तुमचंच ऐकेल."

"म्हणजे माझ्या निर्देशांकावर माझाच विश्वास नाही, असं मी माझ्या परिचराला सांगू?"

"त्याला रक्त जातंय."

"मूळव्याधीत रक्तच जातं, बाई. दूध जात नाही."

मधले महिने मी त्या माणसाच्या कमरेकडे पाहत काढले. पट्ट्याला त्यानं खिळ्यानं एक नवीन भोक पाडलं, मग दुसरं. दर पंधरा दिवसांनी मी विषय काढायची आणि तो इसबगोलचा डबा दाखवायचा. एकदा चिडून म्हणाला, "ताई, तुमाले सरचं काही पटतच नाही. जुनं भांडण हाय तुमचं." यातलं दुसरं वाक्य खरं होतं, आणि त्यामुळेच माझ्या सांगण्याची किंमत गेली होती.

फेब्रुवारीत सरांनी अभ्यासाच्या दुसऱ्या टप्प्याचं उद्घाटन केलं. रक्त घेण्याचं उद्घाटन मी प्रथमच पाहिलं. भिंतीला फुलांची माळ, टेबलावर समई, अधिष्ठाता, दोन फोटोग्राफर. 'निरोगी क्रमांक एक' म्हणून सर स्वतःचं रक्त देणार होते. त्यांनी कोटाची बाही वर केली, ती खळीमुळे तशीच उभी राहिली. मी सुई लावली.

"हसू का?" त्यांनी फोटोग्राफरला विचारलं.

मी तीन नळ्या भरल्या. दोन पुरेशा होत्या.

एक नळी लगेच फिरवली. तिसरी निळ्या पेटीत ठेवली आणि शालिकरावाला बाजूला घेतलं. "हे काटोलपर्यंत न्या आणि तसंच परत आणा. एसटीनं. नरखेडहून यायला लागतो तेवढाच वेळ होतो."

"कोणाचं हाय जी?"

"एका निरोगी माणसाचं."

"अन् ते काटोलले जाऊन काय करंन?"

"काही नाही. फिरून येईल."

हे मी नियमात बसवून केलं, असा माझा दावा नाही. ज्याचं रक्त त्याला विचारायला हवं होतं. मी एकदा विचारलं होतं आणि मला तिकिटाचा विनोद ऐकायला मिळाला होता.

शालिकराव दुपारी परत आला. नळी फिरवली. गुलाबी. सरांकडे जायची यादी नेहमी नावांशिवाय, सांकेतिक क्रमांकांची असायची, कारण संशोधनात तसं करतात असं सरांनी कुठेतरी वाचलं होतं. त्या आठवड्याच्या यादीत मी एक क्रमांक जास्त घातला.

मंगळवारी दोन टोले पडले. सर लाल पेनानं आकड्यांना गोल करत बसले होते. एका गोलाला त्यांनी दुसरा गोल घातला होता.

"हा पाहा. याला म्हणतात निर्देशांक. हा मनुष्य फार पुढे गेलेला दिसतो. शस्त्रक्रियेच्या पलीकडे. कोण आहे हा?"

"आपण, सर."

सरांनी लाल पेन खाली ठेवलं.

"नळी बदलली असेल."

मी दुसरा कागद पुढे ठेवला. त्याच दंडातलं, त्याच मिनिटाचं, लगेच फिरवलेलं रक्त. आकडा रेषेखाली. "हे तुम्हीच आहात, सर. आणि तेही तुम्हीच. एक तुम्ही इथे थांबलात, एक तुम्ही एसटीनं काटोलला जाऊन आलात."

कुठल्याही विद्यार्थ्याला एवढ्यावर कळलं असतं. सरांनाही कळलं असणार. ते मूर्ख नव्हते, हीच तर तक्रार आहे. पण ते दोन्ही कागद हातात धरून बसले आणि हळूहळू त्यांची नजर मोठ्या आकड्यावर स्थिरावली. भीती वाटू लागली की माणूस स्वतःच्या सिद्धांतावरही विश्वास ठेवू लागतो.

"हे कुणाला सांगितलंत?"

"कुणालाच नाही. आधी शालिकरावाला तुम्ही सांगा, की त्याच्या आकड्याला अर्थ नाही."

"पाहू," सर म्हणाले. "तुम्ही जा."

दुसऱ्या दिवशी सर पुण्याला चर्चासत्रासाठी गेल्याचा फलक लागला. त्याच सकाळी शालिकराव माझ्याकडे आला. सरांच्या घरचा गॅस, दूध, इस्त्रीचे कपडे, सारं तोच पाहायचा, त्यामुळे सरांनी फोन करून त्यालाच एक औषध आणायला सांगितलं होतं. हातात प्लास्टिकची पिशवी होती. पिशवीत पांढऱ्या पावडरची दोन मोठी पाकिटं.

"ताई, हे कायचं औषध व्हय?"

मी पाकीट पाहिलं. "कुणी मागवलं?"

"सरनं. फोनवर म्हणे, कोणाले सांगू नको. दुकानदार मले विचारते, कोणाची दुर्बीण हाय, काका? म्या म्हटलं, कायची दुर्बीण? तं म्हणे, हे दोन लिटर पाण्यात टाकून पितेत, पोट साफ होते, मंग दुसऱ्या दिवशी खालून दुर्बीण टाकून पाह्यतेत." तो थांबला. "सरचा तं आकडा हाय ना ताई? मंग सरले दुर्बीण काहून पायजे?"

मी त्याला सगळं सांगितलं. पेटी, बस, गुलाबी रंग, काटोलला फिरून आलेलं रक्त कुणाचं होतं ते. तो टेबलाला धरून ऐकत होता. ज्या पेट्या त्यानं दोन वर्षं मांडीवर आणल्या त्यांच्याबद्दल मी हे बोलत होते, आणि मला ते बोलताना लाज वाटत होती.

"म्हणजे मीच सारे पेशंट हालवून हालवून आणले," तो म्हणाला.

"बसनं हालवले. तुम्ही नाही."

त्यानं पिशवीतून एक पाकीट काढून माझ्या टेबलावर ठेवलं.

"सरनं एकच सांगतलं होतं," तो म्हणाला. "दुसरं मी माह्या पैशानं घेतलं. दुकानातच माह्या डोक्यात आलं, जे सरले पायजे ते मले काहून नाही? तुमी तारीख काढून द्या."

सरांच्या दुर्बिणीत काही निघालं नाही. हे मला रामदासपेठेतल्या एका रुग्णालयातल्या माझ्या वर्गमैत्रिणीकडून कळलं. आमच्या गावात चर्चासत्रं अशीच फुटतात. सर तिसऱ्या दिवशी ताजेतवाने परतले, पुण्याच्या हवेबद्दल बोलले आणि यादीतल्या जादा क्रमांकापुढे स्वतःच्या सुंदर अक्षरात लिहून ठेवलं: 'नळी फुटली.' शालिकरावाशी ते बोलले नाहीत. पावडर वेळेवर आणल्याबद्दलसुद्धा नाही.

शालिकरावाच्या दुर्बिणीत गाठ निघाली. आमच्या शस्त्रक्रिया विभागातली डॉक्टर तरुण आहे आणि तिला फार गोड बोलता येत नाही. तिनं विचारलं, "मूळव्याध कुणी सांगितली? कुणी बोट घालून तरी तपासलं होतं का?"

"नाही जी. रक्त घेतलं होतं."

"रक्त?" ती म्हणाली आणि माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे.

शस्त्रक्रिया झाली. गाठ काढली, पण रोग जवळच्या लसिका ग्रंथींत पोचला होता. शौचासाठी पोटावर पिशवी लागली, काही महिन्यांसाठी. दिवाळीत आला असता तर, असं डॉक्टर बोलू लागली आणि पुष्पाबाई समोर आहेत हे पाहून तिनं वाक्य सोडून दिलं. केमोथेरपीच्या फेऱ्या अजून चालू आहेत. पुढे काय होईल हे मला माहीत नाही आणि ते सांगणारा आकडा माझ्या प्रयोगशाळेत निघत नाही.

त्यानंतरही सर महिनाभर विभागात होते. निवृत्तीचा सोहळा झाला, शाल झाली, भाषणं झाली. मी तिथे होते, सरही असणार. पण मला सर शेवटचे दिसले ते त्या आधी, वॉर्डात.

शस्त्रक्रियेनंतरचा आठवा दिवस असेल. मी डबा घेऊन गेले होते. पुष्पाबाई पलंगाशी संत्रं सोलत होत्या; शालिकरावाला चालत नव्हतं, पण गावाहून आणलेलं म्हणून शेजारच्या पलंगांना देत होत्या. सर आले. मागे जनसंपर्क विभागातला एक माणूस, गळ्यात कॅमेरा.

"काय शालिक! वेळेवर पकडला की नाही आपण?" सर म्हणाले. मग पुष्पाबाईंकडे वळून, "काळजी करू नका. आमच्या विभागाच्या संशोधनाचा हाच हेतू होता. रोग लवकर सापडावा."

पुष्पाबाईंनी सरांना कधी पाहिलं नव्हतं, फक्त ऐकलं होतं. त्या लगबगीनं उठल्या, हात पदराला पुसले आणि पाया पडायला वाकल्या. कॅमेरा वर झाला.

"थांब वं," शालिकराव पलंगावरून म्हणाला. आवाज बारीक होता, पण वॉर्डात ऐकू गेला. "हे खेडीकर सर होत. मूळव्याध यायनंच सांगतली होती."

पुष्पाबाई अर्ध्या वाकलेल्या तशाच थांबल्या. मग सरळ झाल्या. रागावल्या नव्हत्या. खरंच काही समजून घ्यायचं असलं की माणूस जसा पाहतो, तशा पाहत होत्या.

"तुमीच काय जी ते? मंग एक विचारू काय. यायले तुमी म्हटलं, दुर्बीण नाही लागत. अन् तुमी सोता करून घेतली म्हणतेत. काहून जी?"

"ते वेगळं आहे," सर म्हणाले. "त्याला काही निकष असतात. प्रोटोकॉल असतो."

"काय वेगळं? पोट तं पोटच असते ना."

"तुम्हाला ते समजायचं नाही."

"म्हणून तं विचारून राहिली."

सरांनी घड्याळ पाहिलं. कॅमेरावाल्याला खुणेनं चल म्हटलं आणि शालिकरावाच्या पायाकडच्या चादरीवर दोनदा थोपटलं. बाहेर लिफ्टपाशी गेले. लिफ्ट उघडली तर आत स्ट्रेचर होतं. ती गेली. पुष्पाबाई हातात अर्धं सोललेलं संत्रं घेऊन मागे आल्या होत्या. सर जिन्याकडे वळले.

मी वॉर्डाच्या दारातून पाहत होते. पुष्पाबाई जिन्याच्या कठड्यावरून वाकल्या. खाली सर एकेक वळण उतरत होते, कठड्याला धरून, जरा जास्तच घाईनं.

"सर, सांगून तं जा जी," त्या म्हणाल्या. आणि खालच्या वळणावर पावलं एक क्षण थांबल्यासारखी वाटली, तेव्हा पुन्हा: "चार महिने होते ना जी आमच्यापाशी."

पावलं पुढे निघाली. पुष्पाबाई ती ऐकू यायची थांबेपर्यंत तिथेच वाकून उभ्या होत्या.